मंगळवारचा मालक

पन्नाशी ओलांडलेल्या, संसारी, सरळमार्गी माणसाने दोन आसनांची, लाल रंगाची, छत उघडणारी जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यावी की घेऊ नये, याविषयी कुठलाही नियम अस्तित्वात नाही. भांडारपालांना या गोष्टीचा मनापासून खेद होता. नियम असता तर त्यांनी तो पाळला असता. नसल्यामुळे त्यांना गाडी घ्यावी लागली.

भांडारपाल पंपांच्या एका कारखान्यात सामानाचे कोठार सांभाळत. नट, बोल्ट, हातमोजे, वंगणाचे डबे, यांपैकी कुठलीही वस्तू तीन सह्यांच्या मागणीपत्राशिवाय त्यांच्या खिडकीबाहेर गेल्याची नोंद नाही. एकदा एक कामगार कापलेले बोट धरून पट्टी मागायला आला. मागणीपत्रावर तिसरी सही नव्हती. भांडारपालांनी त्याला ती आणायला वरच्या मजल्यावर पाठवले. जिन्यावर सांडलेले रक्त पुसायला फडके लागले, ते मात्र त्यांनी वेगळ्या मागणीपत्रावर, विनाविलंब दिले. माणूस वाईट नव्हता, फक्त कधी चुकत नव्हता.

आता अशा माणसाच्या डोक्यात लाल गाडी शिरली कशी? साडूंमुळे. साडूंनी नवी गाडी घेतली होती आणि तिच्या मागे उभे राहून पाय हलवला की डिकी आपोआप उघडे. जेवायला बोलावून साडूंनी ती डिकी चौदा वेळा उघडून दाखवली. डिकीत काही नव्हते. पण घरी आल्यावर भांडारपालांनी स्वतःच्या गाडीकडे असे पाहिले, की जणू ती तिसऱ्या सहीशिवाय आत आली आहे.

ती गाडी साधी होती, उंच होती, तिचे दार कपाटासारखे सताड उघडे. भांडारपालांच्या वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि दर मंगळवारी त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावे लागे. तिथल्या व्यायामवाल्या बाई त्यांचा पाय यंत्रात घालून हळूहळू वाकवत. पाय साठ अंश वाकत होता, तो नव्वदपर्यंत आणायचा होता. बाईंनी बजावले होते, "आठ-नऊ महिने एकही मंगळवार चुकवायचा नाही. चुकलात तर गुडघा आहे तिथेच धरेल, आणि मग जिना विसरा." घर तिसऱ्या मजल्यावर होते. म्हातारबुवांचे सगळे मित्र खाली बागेतल्या बाकावर बसत.

ही उंच गाडी देऊन भांडारपालांनी लाल गाडी घेतली.

"मालक किती झालेत?" त्यांनी दलालाला विचारले होते.

"पाच. पण सगळे सुशिक्षित."

"पाच जणांनी विकली म्हणजे काहीतरी..."

"साहेब, उलट विचार करा. एकाच माणसाने पसंत केलेली गाडी घेण्यात धोका असतो. त्याची आवड कशी असेल, कोणी सांगावं? ही पाच जणांनी पसंत केलेली आहे. तुम्ही सहावे. बहुमत तुमच्या बाजूला आहे."

भांडारपालांना हे पटले. मग त्यांनी रंग जाईल का विचारले, छत किती सेकंदांत उघडते ते पाहिले, आणि हॉर्नचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो का, याची खात्री करून घेतली. शेवटी दलालाने कागदांचा गठ्ठा पुढे केला. इथे भांडारपालांच्या आयुष्यभराच्या शिस्तीने घात केला. ते सह्या मोजत असत, नावे वाचत नसत. पाच मालक, पाच सह्या, त्यांनी मोजल्या. पाचही सह्या एकाच माणसाच्या होत्या, हे त्यांना दिसले नाही. दिसण्याचा प्रश्नच नव्हता. संख्या बरोबर होती.

गाडी दारात आली तेव्हा वडील काठी टेकत तीन मजले उतरून आले. भांडारपालांनी दार उघडले. वडिलांनी आत वाकून पाहिले.

"अरे, ही गाडी आहे की अंथरूण?"

"बाबा, स्पोर्ट्स कार अशीच असते. जमिनीलगत."

"असेल. पण मला अजून काही दिवस जमिनीच्या वर राहायचंय."

बायको म्हणाली, "अहो, माणसं आपण तीन आणि जागा दोन."

"तिघं मिळून जातो कुठे आपण?"

"मंगळवारी. दर मंगळवारी. बाबांना धरायला मी लागते ना!"

"तू भांडू नकोस गं," म्हातारबुवा म्हणाले. "मी डिकीत बसतो. त्या साडूची बाहेरून लाथ मारली की उघडते, आपली मी आतून मारेन. एक पाय चांगला आहे माझा."

भांडारपालांनी वचन दिले, की दर मंगळवारी ते स्वतः रजा काढून बाबांना नेतील, आणि बायको बसने मागून येईल. फक्त गाडी एकदा नावावर होऊ द्या.

वाहन-नोंदणी कार्यालयात निरीक्षकांनी गठ्ठा उघडला आणि नावे वाचली. या दोन माणसांत एवढाच काय तो फरक होता.

"गाडी दंतवैद्यांच्या नावावर आहे. पहिल्या मालकाच्या. नंतरच्या चौघांनी नावावर करून घेतलीच नाही. प्रत्येक वेळी दंतवैद्यच सही देत आलेत."

"मग आता दंतवैद्यांकडून थेट माझ्या नावावर करा."

"मधले चौघं गाळू?" निरीक्षकांनी चष्मा काढला. "ते माणसं नाहीत का? दंतवैद्यांकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, असं करत ती तुमच्यापर्यंत यायला हवी."

"पण ती माझ्यापर्यंत आलेलीच आहे. खाली उभी आहे."

"तो तुमचा बेकायदेशीर ताबा आहे. तसं लिहून द्या, म्हणजे मला मदत करता येईल."

दुसऱ्या कोणाचा संताप झाला असता. भांडारपालांचा ऊर भरून आला. तीस वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला बसून जे सुख त्यांनी इतरांना दिले होते, ते बाहेरच्या बाजूने कसे लागते, हे ते प्रथमच अनुभवत होते. त्यांनी लिहून दिले.

मदत अशी होती. पाचही माजी मालकांनी आपल्याकडे गाडी खरोखर होती, हे सिद्ध करायचे. नसलेली वस्तू विकणे हा गुन्हा, आणि त्या गुन्ह्यावर शिक्का मारायला निरीक्षक तयार नव्हते. ताबा सिद्ध होतो शेजाऱ्यांच्या साक्षीने. शेजाऱ्यांनी गाडी दारात नियमित पाहिलेली असली पाहिजे. नियमित या शब्दाची व्याख्या परिपत्रकात दिलेली होती: आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सलग सहा महिने.

"पण हे सगळं पूर्वी घडून गेलंय. आता शेजाऱ्यांना कुठे आठवणार?"

"म्हणून तर पुन्हा घडवायचं. प्रत्येकाला एक वार द्या. तुमच्याही ताब्याची पाहणी होईल, तुम्हीही एक वार घ्या. आणि हो, नाव लागेपर्यंत गाडी चालवायची नाही. टोचन लावून न्यायची."

भांडारपाल दंतवैद्यांकडे गेले, तेव्हा खुर्चीत एक रुग्ण तोंड उघडून बसला होता. दंतवैद्यांनी खिडकीतून खाली पाहिले, टोचनच्या गाडीमागे नाक वर करून उभी असलेली लाल गाडी त्यांना दिसली, आणि त्यांच्या हातातले यंत्र हवेतच फिरत राहिले.

"आली?" ते पुटपुटले. "अहो, मी शेजारीपाजारी सांगून ठेवलंय की ती सर्व्हिसिंगला दिलीय. अकरा वर्षं झाली. लोक अजून विचारतात, पार्ट आले का म्हणून."

"साक्ष द्यायला शेजारी लागतील."

"हा काय, शेजारीच आहे माझा. काय हो, सोमवारी गाडी पाहिली होती ना तुम्ही माझ्या दारात?"

"आं," रुग्ण म्हणाला.

"बघा. बिचाऱ्याला सगळं आठवतंय."

दुसरे मालक शिकवणीवाले सर. त्यांनी बुधवार घेतला. गाडीला टेकवून ते विद्यार्थ्यांचे फोटो काढत आणि खाली छापत, 'आमच्याकडे शिकाल तर'. चौथे घटस्फोटाचे वकील, त्यांनी शुक्रवार मागून घेतला, कारण त्या दिवशी त्यांच्याकडे पुरुष अशील येत. पाचवा व्यायामशाळेचा प्रशिक्षक. त्याला गाडी विकल्यावर जुळी झाली होती. रविवारी तो तिच्यात अर्धा तास नुसता बसे, काचा वर करून, आणि घरून हाक आली की मान खाली घाली.

तिसरे मालक व्याख्याते होते. 'गरजा कमी करा, सुखी व्हा' या विषयावर ते गावोगावी बोलत. दारात लाल गाडी म्हटल्यावर ते क्षणभर गोंधळले.

"माझ्या दारात ती शोभणार नाही. निदान तोंड भिंतीकडे करून लावा." मग त्यांनी विचार केला. "नाही, थांबा. तोंड रस्त्याकडेच असू द्या. मी कशाचा त्याग केलाय, ते लोकांना कळायला हवं."

"पण ती दर गुरुवारी येणार."

"मग दर गुरुवारी त्याग करीन."

शनिवार शिल्लक होता. तो निरीक्षकांनी कार्यालयीन निरीक्षणासाठी राखून ठेवला. शनिवारी कार्यालय बंद असते, त्यामुळे निरीक्षण त्यांच्या घराच्या दारात होऊ लागले. उरला मंगळवार. भांडारपाल धावत घरी आले.

"बाबा, मंगळवार मिळाला! तुमचाच वार."

"छान," म्हातारबुवा म्हणाले. "म्हणजे दवाखान्यात गाडीने जायचं?"

"सहा महिने फक्त उभी ठेवायचीय. चालवायची नाही."

"बरं. मग जाताना तिला टाटा करत जाईन."

आणि तसेच झाले. दर मंगळवारी सकाळी टोचनवाला गाडी आणून दारात सोडे आणि त्याच वेळी म्हातारबुवा सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या शेजारून बसथांब्याकडे निघत. दोन बस बदलाव्या लागत. बसची पायरी उंच. सून खालून ढकली, वरून कोणीतरी परका माणूस हात देई. परके लोक फार चांगले असतात, असे म्हातारबुवा म्हणत, आणि घरच्या कोणाविषयी बोलत नसत. कधी गर्दीमुळे बस थांबतच नसे, मग तो मंगळवार बुडे. बाईंच्या वहीत आकडा साठवरून पासष्ट झाला, सत्तर झाला, दोन मंगळवार बुडाल्यावर परत पासष्टवर आला.

"भाड्याची गाडी करून नेऊ या त्यांना," बायको एकदा म्हणाली.

"दारात लाल गाडी उभी असताना भाड्याच्या गाडीत बसायचं?" भांडारपाल म्हणाले. "आणि शेजाऱ्यांनी पाहिलं म्हणजे? उद्या साक्षीत सांगतील, यांच्याकडे गाडी नाही. अगं, सहा महिन्यांचं काम पाण्यात जाईल!"

शहराच्या दृष्टीने पाहिले तर गाडीला असे चांगले दिवस कधीच आले नव्हते. ती रोज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंडत होती. टोचनवाला भला माणूस होता. एकदा त्याने भांडारपालांना विचारले, "साहेब, हिचं इंजिन चालू होतं का? सहा महिन्यांत एकदाही ऐकलं नाही."

भांडारपालांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. नावावर झाल्याशिवाय इंजिन चालू करायचे नसते, एवढेही त्याला माहीत नव्हते.

सहा महिने पूर्ण झाले. साक्षी झाल्या. दंतवैद्यांचा शेजारी दात बसवून आला होता, तो तर अगदी स्वच्छ बोलला. गाडी पाच दारांतून कायदेशीरपणे विकली जाऊन सहाव्या दारात आली आणि नोंदपुस्तकात भांडारपालांचे नाव लागले. त्यांनी ते तीनदा वाचले. नाव वाचण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"एक किरकोळ शेरा आहे तेवढा," निरीक्षक म्हणाले.

शेरा असा होता, की पाचही माजी मालकांनी ठरलेल्या वारी, सलग सहा महिने, उघडपणे, शेजाऱ्यांच्या देखत गाडी वापरली. कोणी हरकत घेतली नाही. म्हणजे त्यांची वहिवाट सिद्ध झाली. सबब गाडी भांडारपालांच्या मालकीची, परंतु सोमवार दंतवैद्यांचा, बुधवार सरांचा, गुरुवार त्यागाचा, शुक्रवार वकिलांचा, रविवार प्रशिक्षकाचा, आणि शनिवारी निरीक्षण कायम.

"मग माझं काय?"

"मंगळवार. तोही जपा. ठरलेल्या वारी गाडी दिवसभर दारात दिसली नाही, तर तुमचीही वहिवाट मोडेल. मग नुसती मालकी उरेल."

भांडारपालांनी हरकत घेतली नाही. शेरा तीन सह्यांचा होता.

पुढच्या मंगळवारी म्हातारबुवा पहाटेच उठून तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घातला. बाईंनी सांगितले होते, आता चारच मंगळवार राहिलेत, हे चार सोडू नका, यातच काय ते होणार आहे. त्यात बसवाल्यांचा चार आठवड्यांचा संप सुरू झाला होता. पण आता काळजी नव्हती. आता गाडी नावावर होती, चालवायची परवानगी होती, आणि वारही आपला होता.

"चल रे," ते म्हणाले. "त्या अंथरुणात कसं निजायचं ते मी रात्री पलंगावर करून पाहिलंय. आधी पाठ, मग पाय. जमतंय मला."

भांडारपाल खिडकीशी उभे होते. खाली टोचनवाला गाडी सोडून गेला होता. ऊन पडले होते आणि गाडी झळकत होती. समोरच्या इमारतीतले दोघे थांबून तिच्याकडे पाहत होते.

"बाबा, अडचण आहे. आज ती दारात दिसली पाहिजे. दिवसभर. आपण दवाखान्यात नेली आणि कोणी नोंद केली, तर मंगळवार जाईल."

"मंगळवार जाईल?"

"वहिवाट मोडेल ना!"

म्हातारबुवा खुर्चीत बसले. पाय समोर सरळ राहिला, तसाच.

"अरे, तू मालक आहेस ना त्या गाडीचा?"

"म्हणून तर!"

सून ताडकन उठली. "अहो, माणसाचा पाय आहे तो! तुमच्या कोठारातला नट नाही, सही आली की द्यायला. चावी द्या इकडे, मी चालवते."

"तुझ्या नावावर नाही ती," भांडारपाल शांतपणे म्हणाले. यात त्यांचा काही दोष नव्हता. वस्तुस्थिती तशी होती.

तिने शेजाऱ्यांच्या ओळखीने एक गाडी मिळवली, पण त्या दिवशी सगळे शहरच गाड्या शोधत होते, आणि ती येईपर्यंत बाईंची वेळ संपून गेली होती. त्यानंतरचे दोन मंगळवार गाडी मिळालीच नाही. चौथ्या मंगळवारी ती मिळाली, तेव्हा बाईंनी पाय यंत्रात घातला, एकदा वाकवला, पुन्हा एकदा वाकवून पाहिला, आणि वही मिटली.

"आता यायची गरज नाही, आजोबा. जिना मात्र चढू-उतरू नका."

संध्याकाळी दोघा शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून त्यांना तिसऱ्या मजल्यावर आणले. खुर्ची खिडकीपाशी ठेवली. तिथून बागेतला बाक दिसतो. मित्र खालून हात करतात, हे वरून करतात.

"म्हणजे मंगळवारचा प्रश्न तसा सुटलाच," भांडारपाल म्हणाले.

त्या दिवसापासून बायको त्यांच्याशी फक्त लेखी बोलते. चिठ्ठीवर तिची एकच सही असते, तरी त्यांना ती घ्यावी लागते. पहिल्याच चिठ्ठीत लिहिले होते, की गाडी विका आणि बाबांना लिफ्ट असलेल्या घरात हलवा.

भांडारपालांनी मान्य केले. माणूस वाईट नाही, हे आधी सांगितलेच आहे. त्यांनी त्याच दिवशी जाहिरात दिली. फक्त विक्रीपत्राच्या मसुद्यात एक अट घालून घेतली, की मंगळवार त्यांच्याकडेच राहील. सिद्ध झालेली वहिवाट आहे, उगाच सोडायची कशाला?

परवा त्या जाहिरातीवर फोन आला. तो तुमचा होता.

भांडारपालांनी तुमच्यापासून काहीही लपवले नाही. सातही वार त्यांनी एकेक करून वाचून दाखवले. गाडी तुमच्या दारात कोणत्याही दिवशी उभी राहणार नाही, हे स्पष्ट सांगितले. इंजिनविषयी आपल्याला निश्चित माहिती नाही, हेही सांगितले. तुम्ही घसा खाकरलात.

"पण पुस्तकात नाव माझंच लागेल ना?"

"लागेल."

"आणि रंग लालच आहे ना? म्हणजे अगदी लाल?"

तेवढ्यात तुमच्या मागून आवाज आला. आई असाव्यात. दवाखान्याची वेळ होत आली, निघायचं ना, असे त्या विचारत होत्या. तुम्ही फोनवर हात ठेवलात, पण नीट ठेवला नव्हतात, त्यामुळे भांडारपालांना ऐकू आले.

"थांब गं जरा. महत्त्वाचं बोलतोय."